गारबाबा आणि चाळीस फ्रिज

सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी एकवीस माणसं उभी होती. मी मोजली, कारण दुसरं काही बघण्यासारखं तिथे नव्हतं. ओट्याला टेकून आठ, दारात सहा आणि बाकीची भांड्यांच्या कपाटाशी एकमेकांच्या पायावर पाय देऊन. सगळ्यांच्या नजरा एका फ्रिजवर खिळल्या होत्या. राखाडी रंगाचा, दोन दारांचा, वर फ्रीझर आणि खाली फ्रिज असा तो होता. त्याच्यापुढे स्टुलावर डोळे मिटून गारबाबा बसला होता.

दोन तास तो काहीतरी पुटपुटत होता आणि दोन तास माणसं कामधंदा सोडून उभी होती. एरवी लिफ्ट दोन मिनिटं उशिरा आली तर हीच माणसं सेक्रेटरींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

अखेर बाबा उठला. त्याने उजव्या हाताने फ्रिजचं वरचं दार उघडलं, डावा हात चौकटीच्या कोपऱ्यावर मायेने ठेवला आणि म्हणाला, “ऊठ बाळा. श्वास घे.”

घरघर सुरू झाली आणि गार हवेचा झोत पुढच्या रांगेच्या तोंडावर आला. सेक्रेटरीणबाईंच्या कपाळावरची बट हलली. खरं तर फ्रिजने श्वास घेतला नव्हता, सोडला होता, पण भक्तीत असल्या बारकाव्यांना कोण विचारतो? एकवीसपैकी वीस जणांनी हात जोडले. एकविसावा मी, मी हात खिशात घालून गालात हसत होतो. या हसण्याबद्दल मला पुढे बोलायचं आहे, म्हणून ते इथे नोंदवून ठेवतो.

यानंतर अश्रूंचं वाटप झालं. आदल्या दिवशी बाबाने फ्रिजचा प्लग काढून, दोन्ही दारं उघडी टाकून, वर निळी चादर पांघरून ठेवली होती. एक दिवस आणि एक रात्र त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, अशी आज्ञा होती. सकाळी मंत्राला बसण्याआधी त्याने दारं लावून प्लग घातला तेव्हा फरशीवर पाणी साचलेलं होतं. बाबा म्हणाला, हे साधं पाणी नाही, यंत्राने मन मोकळं केलं आहे. ते मन पोतेऱ्याने टिपून पातेल्यात पिळण्यात आलं आणि पातेल्यातून बाटल्यांत भरण्यात आलं. एका बाटलीत वाटाण्याचा दाणा तरंगत होता, ती बाटली विशेष प्रभावी मानली गेली. लोकांनी ते पाणी डोळ्यांना लावलं. त्या आठवड्यात माझ्या दुकानात डोळ्यांच्या थेंबांचा खप तिप्पट झाला.

माझं औषधांचं दुकान याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. वर चाळीस घरं आणि चाळीस घरांत चाळीस सारखेच फ्रिज. दोन वर्षांपूर्वी कमिटीने ठराव केला की सगळ्यांनी एकाच कंपनीचा, एकाच मापाचा, एकाच दिवशी फ्रिज घ्यायचा, म्हणजे भाव उतरेल आणि कुणाचा मोठा, कुणाचा लहान ही कुरबूर राहणार नाही. त्याआधी सगळ्यांकडे जुने एकदारी फ्रिज होते. त्यांत बर्फाचा डोंगर साचायचा, म्हणून दर रविवारी अर्धा तास फ्रिज बंद करायचा, कालथ्याने बर्फ खरवडायचा, पुसायचं आणि पुन्हा चालू करायचा, हा या इमारतीचा पिढीजात नेम होता. नव्या फ्रिजसोबत आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हा स्वतःचा बर्फ स्वतः वितळवतो, तुम्ही खरवडू नका. पुस्तिका चाळीस घरांनी जपून ठेवली आणि एकानेही वाचली नाही. रविवार आला की कालथा निघायचाच.

वर्षभरात एकेक फ्रिज बिघडू लागला. बिघडण्याची तऱ्हाही एकसारखीच होती. रविवारी बर्फ काढला की सोमवारपासून वरचा फ्रीझर गार आणि खालचा फ्रिज कोमट. वर बर्फाचे तुकडे होतात आणि खाली दूध नासतं. कुणाच्या फ्रिजमधून कण्हल्यासारखा खरखर आवाज येई. मेकॅनिकला बोलावलं तर त्याने दार उघडलं, दार लावलं, मान हलवली आणि “गॅस गेला” असं सांगितलं. फ्रीझरमध्ये बर्फ होतोय तर गॅस कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या मेकॅनिकने आतलं काहीतरी काढून नेलं आणि तो अजून यायचा आहे.

बुडत्याला काडीचा आधार. अशा वेळी गारबाबा आला. सेक्रेटरींच्या मेव्हण्याच्या ओळखीचा होता म्हणे. त्याचा हात बर्फासारखा गार लागायचा. आल्याबरोबर तो घरातल्या प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवी आणि माणूस शहारून जाई. मग तो तोच हात फ्रिजच्या बाजूला लावून म्हणे, “बघा माई, याला ताप आहे.” माई हात लावून बघत. बाजू गरम लागे. आता फ्रिज आतली ऊब बाहेर टाकतो आणि ती बाजूच्या पत्र्यातून निघते, हे सातवीतल्या पोरालाही कळेल. पण माईंना ताप कळत होता, पत्रा कळत नव्हता.

“तुम्ही याला दर आठवड्याला खरवडता,” बाबा सांगे, “याच्या कातडीला जखमा करता. हा रुसला आहे. याला पोटभर रडू द्या.”

दक्षिणा तो घेत नसे. पैशाला शिवणार नाही, असं त्याचं व्रत होतं. फक्त रुसलेल्या फ्रिजमधलं अन्न घरात ठेवू नये, ते वाईट सावली धरतं, म्हणून ते सगळं तो स्वतः घेऊन जायचा. लोणी, अंडी, चीज, सफरचंदं, आइस्क्रीमचा डबा, एवढी सगळी सावली तो एकट्याने अंगावर घ्यायचा. महिन्याभरात त्याचा चेहरा चांगला भरला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

आणि तो गार हात? ते गुपित मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मुरगळलेल्या पायावर ठेवायची निळ्या जेलची पिशवी असते, फ्रीझरमध्ये ठेवून गार करायची. बाबाने तशा दोन पिशव्या माझ्याच दुकानातून नेल्या होत्या. पाय मुरगळला आहे म्हणाला आणि दोन्ही पायांनी ठणठणीत चालत गेला. खांद्यावरच्या झोळीत हात घालून तो उभा राही तो ध्यानासाठी नव्हे, हे मला दिसत होतं. मी कुणाला बोललो नाही. मला मजा येत होती. बायको म्हणाली, “सांगा की लोकांना.” मी म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता. शहाणपण आपल्यापाशी आहे या सुखात मी दुकानात बसून होतो.

माझी मोठी बहीण चौथ्या मजल्यावर राहते. तिला सगळी इमारत ताईच म्हणते. ती शिवणकाम करते, एकटी राहते आणि तेरा वर्षं सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचून घेते. इन्शुलिन माझ्याच दुकानातलं. दर महिन्याला बाटल्या देताना मी एकच वाक्य म्हणायचो, “थंड ठेव गं.” तेरा वर्षं हेच वाक्य. तिचाही फ्रिज खालून कोमट झाला तेव्हा ती दुकानात आली. गिऱ्हाईकं उभी होती. तिने हळूच विचारलं की लोक म्हणतात त्या बाबाला बोलवावं का.

मी गिऱ्हाइकांकडे बघून मोठ्याने म्हटलं, “बोलव की. फ्रिजला ताप आलाय, मी थर्मामीटर देतो. कुठे लावायचा ते मात्र बाबालाच विचार.”

सगळे हसले. ताईही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. ती काही न घेता निघून गेली. खरं तर ती मला एवढंच विचारायला आली होती की फ्रिज गार राहत नाही तर औषधाचं काय करू. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

ताईने बाबाकडे नाव नोंदवलं. यादीत तिचा सतरावा नंबर लागला. तोवर औषध कुठे ठेवू, असं तिने बाबालाच विचारलं. तो क्षणभर डोळे मिटून बसला आणि म्हणाला, “याचा देह तापला आहे, पण मस्तक शांत आहे. जे प्राणाइतकं मोलाचं, ते मस्तकात ठेव माई.”

मस्तक म्हणजे वरचा फ्रीझर. ताईने इन्शुलिनच्या बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवल्या.

इन्शुलिन एकदा गोठलं की संपलं. पुन्हा वितळलं तरी वरवर पाण्यासारखंच दिसू शकतं, पण औषध म्हणून त्याचा भरवसा उरत नाही. ताई रोज सकाळ-संध्याकाळ बाटली हातात धरून वितळवायची, नियमाने टोचून घ्यायची आणि परत मस्तकात ठेवून द्यायची. साखर चढत होती. तिला तहान लागत होती, पाय जड वाटत होते. तिला वाटलं लग्नसराईचं काम वाढलंय, दमायला होतंय.

नवव्या दिवशी एक बाई दुकानात येऊन तक्रार करू लागल्या की ताई दार उघडत नाहीत आणि त्यांचा कोट अर्धवट राहिला आहे. माझ्याकडे दुसरी किल्ली होती. मी जिने चढत गेलो, लिफ्टची वाट बघायचं सुचलंच नाही. शिवणयंत्राचा छोटा दिवा चालू होता. सुईखाली कोटाची बाही तशीच होती. ताई यंत्राच्या पायाशी पडलेली होती, गळ्यात टेप, श्वास भराभर चाललेला आणि डोळे अर्धवट उघडे. मी तिला हाक मारली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण हे तिला कळलं नाही. पन्नास वर्षांत मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात साखर मोजायच्या यंत्राने आकडाच दाखवला नाही, नुसतं “फार जास्त” एवढंच दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, नवं इन्शुलिन सुरू केलं आणि मला विचारलं की आधीचं औषध कुठे ठेवलं होतं. मी छाती पुढे काढून म्हटलं, फ्रिजमध्ये, मी स्वतः औषधविक्रेता आहे. त्या म्हणाल्या, जाऊन बघून या.

मी गेलो. खालच्या कप्प्यात नासलेलं दूध होतं. वरचं दार उघडलं. वाटाण्याच्या पाकिटामागे तीन बाटल्या होत्या, बर्फाला चिकटलेल्या. एक ओढून काढली तेव्हा आतला बर्फ काचेवर वाजला.

तिसऱ्या दिवशी ताई नीट बोलू लागली. तिने मस्तकाची हकिकत सांगितली आणि मी भडकलो. दवाखाना आहे हे विसरून मी म्हटलं, “त्या भामट्याला विचारलंस, आणि सख्ख्या भावाला नाही विचारलंस? मी काय मेलो होतो?”

ताई छताकडे बघत होती. “तुला विचारलं असतं तर तू हसला असतास,” ती म्हणाली. “तो हसला नाही.”

मी खुर्ची ओढून तिच्या खाटेशी बसलो.

ताई घरी आली त्या आठवड्यात सेक्रेटरींचा फ्रिज पुन्हा कोमट झाला. बाबाने बरे केलेले आणखी सहा फ्रिज तसेच झाले. बाबाचं उत्तर तयार होतं. घरच्यांची श्रद्धा पातळ झाली आहे, उपचार पुन्हा करावा लागेल. म्हणजे फ्रिज चालला तर बाबाची कृपा आणि बंद पडला तर तुमचा दोष. असा धंदा मला मिळाला असता तर मी औषधाचं दुकान कशाला चालवलं असतं?

ताई मात्र चिडली नाही, रडली नाही. स्टूल घेऊन ती दिवसभर आपल्या फ्रिजपुढे बसली. शिवणयंत्र बिघडलं की ती अशीच बसते, आधी नुसतं बघते. दार उघडलं की आतली घरघर थांबते, हे तिच्या लक्षात आलं. चौकटीच्या कोपऱ्यात करंगळीएवढं बटण सापडलं. ते दाबलं की फ्रिजला वाटतं दार लागलं. तिने ते दहा-बारा वेळा दाबून पाहिलं. मग मला बोलावून म्हणाली, “टाका सुटायला लागला की मी काय करते ते तू लहानपणापासून बघतोयस.”

मी म्हटलं, “सुई बदलतेस.”

“आधी सुई. मग शिवून बघते. नाही जमलं तर दोरा. पुन्हा शिवून बघते. मग ताण. एकावेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं आणि टाका नीट आला, तर दोष कशात होता ते जन्मात कळणार नाही. तो बाबा काय करतो बघ. फ्रिज रिकामा करतो, बंद करतो, दारं उघडी टाकतो, चादर घालतो, हात लावतो, मंत्र म्हणतो. सगळं एकदम. मी यातली एकच गोष्ट काढून बघणार आहे.”

“कुठली?”

“बाबा.”

शनिवारी सकाळी तिने आपला फ्रिज रिकामा केला, प्लग काढला, दोन्ही दारं उघडी टाकली आणि वर आपल्या कपाटातली निळी चादरसुद्धा घातली. चादर कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, “मी बाबा काढलाय, चादर नाही.” नवं इन्शुलिन तोवर माझ्या दुकानातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये होतं. दिवसभर आणि रात्रभर तिचाही फ्रिज रडला, मंत्र न ऐकता. रविवारी पहाटे तिने फरशी पुसली, दारं लावली आणि प्लग घातला.

त्याच रविवारी अकरा वाजता सेक्रेटरींकडे बाबाचा दुसरा उपचार सुरू व्हायचा होता. या वेळी तीस माणसं होती. बाबाने झोळीत हात घालून ध्यान केलं, कपाळांना हात लावले आणि ताप आहे असं जाहीर केलं. तो प्लगकडे वळणार तोच ताई गर्दीतून पुढे आली. आठवड्यापूर्वी दवाखान्यात असलेली बाई बघून लोकांनी वाट दिली. तिने शांतपणे सगळ्यांना आपल्या घरी यायची विनंती केली. माणसं चौथ्या मजल्यावर गेली, बाबालाही जावं लागलं.

माझ्या दुकानातला तारेचा थर्मामीटर ताईच्या फ्रिजमध्ये लावलेला होता. खालच्या कप्प्यात पाच आकडा होता, आठवडाभर तोच सोळावर अडलेला होता. ताईने सेक्रेटरीणबाईंना पुढे बोलावलं, वरचं दार उघडलं आणि त्यांचा अंगठा कोपऱ्यातल्या बटणावर ठेवून म्हणाली, “दाबा वहिनी. आणि बाळा ऊठ म्हणा, नाही म्हटलंत तरी चालेल.” बाईंनी काही न म्हणता बटण दाबलं. घरघर सुरू झाली आणि गार हवेचा झोत आला. बाईंनी अंगठा काढला, झोत थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. असं त्यांनी पाच वेळा केलं आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा उतरत गेला.

बाबा एवढ्याने हटणारा नव्हता. तो मंद हसून म्हणाला, “माई, तुझं नाव माझ्या यादीत होतं. माझी कृपा भिंतींतून इथे पोचली.”

काहींनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं. पण ताई म्हणाली, “पोचली असेल. मग आता उलटं करू. सेक्रेटरींच्या फ्रिजला तुमची सगळी कृपा द्या. हात लावा, मंत्र म्हणा, चादर घाला, हवे तितके दिवस बसा. फक्त प्लग काढायचा नाही आणि दार उघडायचं नाही.”

“असं कसं चालेल?” बाबा म्हणाला.

“का नाही चालणार? कृपा भिंतीतून जाते, दारातून नाही जात?”

बाबाचा तोल तिथे गेला. आतापर्यंत त्याच्याशी एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं. तो वैतागून म्हणाला, “अहो बाई, बंदच केला नाही तर आतला बर्फ वितळणार कसा?”

सगळ्या माना एकदम बाबाकडे वळल्या.

“कुठला बर्फ?” ताईने विचारलं. “सेक्रेटरींनी तर गेल्या रविवारीच सगळा खरवडून काढलाय.”

सेक्रेटरी म्हणाले की हो, आत बोटभरही बर्फ नाही, आपण स्वतः पुसून घेतलंय. सगळी वरात पुन्हा खाली सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात गेली. ताईने प्लग काढायला लावला आणि शिवणयंत्राचा छोटा स्क्रूड्रायव्हर कमरेच्या पिशवीतून काढला. फ्रीझरच्या आत मागच्या बाजूला पांढरी प्लास्टिकची पाटी असते, ती भिंतच आहे असं सगळ्यांना वाटतं. तिचे चार स्क्रू तिने काढले आणि पाटी हलवून हलवून सोडवली.

मागे बर्फाची लादी होती. चार बोटं जाड, दगडासारखी. तिच्यात आतल्या नळ्या दिसत नव्हत्या, आणि छोट्या पंख्याची पाती अर्धी बुडाली होती.

आता बोलायची पाळी माझी होती; आदल्या रात्री ताईने आणि मी तिची पुस्तिका एकदाची वाचून काढली होती, म्हणून मी बोललो. या फ्रिजमध्ये गारवा तयार होतो तो या पाटीमागे. पंखा ती गार हवा खाली ढकलतो, तेव्हा खालचा फ्रिज गार होतो. मागे साचणारा बर्फ यंत्र स्वतःच दिवसातून एक-दोनदा वितळवतं आणि ते पाणी खालच्या बारीक भोकातून निघून जातं. आपण काय करतो? दर रविवारी अर्धा तास बंद करून समोरचा बर्फ पुसतो. तेवढ्यात मागचा बर्फ अर्धवट वितळतो, भोकाशी जमतो आणि चालू केल्यावर तिथेच गोठतो. भोक बुजलं की पुढचं पाणी जायला वाट नाही. लादी वाढत जाते, पंखा अडतो, हवेची वाट बंद होते. वर गार, खाली कोमट. ते कण्हणं म्हणजे पंख्याची पाती बर्फावर घासण्याचा आवाज. एक अख्खा दिवस बंद ठेवून दारं उघडी टाकली की लादी पूर्ण वितळते आणि फ्रिज सुधारतो. पुढच्या रविवारी आपण पुन्हा कालथा काढतो आणि तीन आठवड्यांत बाबाला पुन्हा अंडी मिळतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणतात. इथे कावळ्याला फांदी कधी मोडणार ते पक्कं माहीत होतं.

कुणीतरी बाबाची झोळी ओढली. तीतून निळी जेलची पिशवी फरशीवर पडली. सेक्रेटरींनी ती उचलली आणि दचकून टाकून दिली, इतकी ती गार होती. माणसं हसायला लागली. ज्यांनी डोळ्यांत फ्रिजचं पाणी घातलं होतं तीही हसली. बाबा त्या गोंधळात जिना उतरला, अन्न न घेता जाण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

ताई हसत नव्हती. तिने पिशवी उचलून उलटी केली. मागे माझ्या दुकानाचा छापील कागद चिकटलेला होता. तिने तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे तुझ्या दुकानातलं आहे. कधी नेलं त्याने?”

“आला त्या आठवड्यात.”

“म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं.”

मी हो म्हटलं. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि ती घरी गेली.

त्या बाबाला मी हजार शिव्या देऊ शकतो, सेक्रेटरींना दोनशे आणि पुस्तिका न वाचणाऱ्या चाळीस घरांना प्रत्येकी पाच. पण हिशेब खरा मांडायचा तर बाबाला सत्य ठाऊक होतं आणि मलाही होतं. त्याने ते लपवून अंडी खाल्ली आणि मी लपवून करमणूक केली. माझ्या बहिणीच्या जिवाला दोन्ही सारखंच महाग पडलं. म्हणून वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी त्यातली एक गोष्ट काढून बघा. आणि ज्यांना आधीच कळलं आहे, त्यांनी दारात उभं राहून हसू नये. पुढे होऊन सांगावं, नीट सांगावं, समोरचा दुसऱ्यांदा विचारायला येईल अशा आवाजात सांगावं.

ताई बारा दिवस माझ्याशी बोलली नाही. तेराव्या दिवशी ती दुकानात आली. गिऱ्हाईकं उभी होती. तिने सगळ्यांदेखत, मुद्दाम मोठ्याने विचारलं, “तू तेरा वर्षं म्हणतोस थंड ठेव, थंड ठेव. थंड म्हणजे किती थंड?”

मी काउंटरमागून बाहेर आलो आणि सांगितलं. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत, म्हणजे खालच्या फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न चिकटवता. फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठली असा नुसता संशय आला तरी ती वापरायची नाही, माझ्याकडे आणायची. फ्रिज बिघडला तर त्याच दिवशी बाटल्या इथे माझ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. तिने दोन शंका विचारल्या, मी दोन्हींची उत्तरं दिली. मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी तिसरी विचारली, त्यांचंही ऐकून घेतलं.

संध्याकाळी मी तिच्याकडे चहाला गेलो. राखाडी फ्रिजच्या दारावर तिने कापडावर खुणा करायच्या खडूने लिहून ठेवलं होतं, “२ ते ८. वर नाही.” खालच्या दारामागे, मधल्या कप्प्यात, तीन बाटल्या एका रांगेत उभ्या होत्या.